नाट्यसंगीताच्या मुद्रिकांतून नाटक का वगळता?

जुन्या नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रकाशित करताना नाटकाचे ओझे वाहण्याची गरज नाही, हा विचार आता जवळजवळ सर्वमान्य झाला आहे. त्याची मांडणी साधारण अशी असते : संगीत नाटकाचा काळ सरला. रात्रभर चालणारे प्रयोग गेले, कंपन्या गेल्या, स्त्रीभूमिका करणारे गायक नट गेले. उरली ती पदे. ती इतकी सकस निघाली की नाटक विस्मरणात गेल्यावरही मैफलीत, गणेशोत्सवात, आकाशवाणीवर जगली. तेव्हा प्रकाशकाने ती निवडावीत, त्यांवरची खरखर काढावी, गायकाच्या नावाखाली एकत्र बांधावीत आणि रसिकाच्या हाती द्यावीत. पद कोणत्या नाटकातले, कोणत्या पात्राच्या तोंडचे, कधी मुद्रित झालेले, या चौकशा संशोधकांनी कराव्यात. या विचारात रसिकाची कळकळ आहे असे वरवर वाटते, त्यात व्यापारी सोयही आहे, म्हणून त्याला कोणी विरोध करत नाही. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. नाट्यपदाची तबकडी हा एका नाटकाचा, ते लिहिणाऱ्याचा, त्यात उभा राहिलेल्या नटाचा आणि त्याला साथ करणाऱ्यांचा पुरावा आहे. तो पुन्हा प्रसिद्ध करणाऱ्याने नाटकासकट प्रसिद्ध केला पाहिजे. तसे न केल्याने काय गमावले हे वऱ्हाडाइतके दुसऱ्या कोणत्या प्रदेशाला कळायला हवे होते असे मला वाटत नाही, कारण सर्वांत जास्त आपणच गमावले आहे.

वऱ्हाडातल्या बाळापूरपासून सुरुवात करू. हे अकोला आणि खामगाव यांच्या मधले गाव. पूर्वेला अकोल्यात आणि पश्चिमेला खामगावात, पुढे जळगाव जामोदला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी वकिली केली आणि वकिली करता करता मराठी संगीत नाटकाचा चेहरा बदलला. त्यांचे ‘वीरतनय’ किर्लोस्कर मंडळीने 1896 मध्ये रंगभूमीवर आणले, ‘मूकनायक’ 1901 मध्ये आले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पदांमागे कीर्तनाची, साकी-दिंडीची, कर्नाटकी चालींची परंपरा होती. कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या चटकदार चाली मराठीत आणल्या आणि त्यावरून मोठा वादही ओढवून घेतला. त्याच रस्त्याने अकोला ओलांडून मूर्तिजापूरला गेले की वसंतराव देशपांडे यांचे जन्मगाव येते. आणखी पुढे अमरावती, म्हणजे वीर वामनराव जोशी. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभी’ ही त्यांची नाटके. पहिल्यात केशवराव भोसले यांनी मृणालिनी उभी केली, दुसरे मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने 1927 मध्ये केले. कापसाच्या पैशाने सुखवस्तू झालेल्या या पट्ट्यात नाटक कंपन्या मुक्काम ठोकायच्या हे सांगितले जाते, पण वऱ्हाड नुसता तिकिटे काढणारा प्रदेश नव्हता. तो नाटके लिहिणाराही होता. आता नाट्यसंगीताचा कोणताही लोकप्रिय संग्रह घ्या. वसंतराव त्यात भेटतील, कारण ते गायक. वामनरावांचे नाव भेटले तर बारीक अक्षरात, आणि कोल्हटकरांचे तर शोधूनच काढावे लागते. गायकाच्या नावाने पदे बांधण्याची पद्धत पडली की लिहिणारे गळून पडतात. हे कोणाच्या दुष्टाव्याने घडलेले नाही, पद्धतीनेच घडलेले आहे, आणि म्हणूनच पद्धत बदलली पाहिजे.

‘रणदुंदुभी’चे उदाहरण नीट तपासण्यासारखे आहे. दीनानाथांच्या आवाजातले ‘परवशता पाश दैवे’ हे पद ज्याने ऐकले नाही असा जुन्या नाट्यसंगीताचा श्रोता मिळणार नाही. दीनानाथांची गायकी, तिच्यातले पंजाबी वळणाचे अंग, वीज चमकावी तशी येणारी तान, यांवर भरपूर लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण हे पद ज्या माणसाने लिहिले तो राष्ट्रीय चळवळीत तुरुंगवास भोगलेला अमरावतीचा पत्रकार होता, आणि पद लिहिले गेले तेव्हा 1876 चा नाट्यप्रयोग कायदा सरकारच्या हातात होता. त्याआधी खाडिलकरांचे ‘कीचकवध’ सरकारने बंद पाडले होते. पारतंत्र्यावर उघड भाषण करणारा माणूस जे बोलू शकत नव्हता ते रंगमंचावरचे पात्र गाऊन बोलत होते, आणि समोर बसलेल्या प्रेक्षकाला ते कोणाविषयी चालले आहे हे पुरते कळत होते. आता तेच पद दीनानाथांच्या संग्रहात ‘मानापमान’मधल्या धैर्यधराच्या शृंगारिक पदांना लागून येते, आणि मागोमाग ‘संन्यस्त खड्ग’मधले एखादे. ‘मानापमान’ खाडिलकरांचे, 1911 चे. ‘संन्यस्त खड्ग’ सावरकरांचे, 1931 चे, शस्त्र आणि अहिंसा यांच्या वादावर उभे राहिलेले. तीन नाटककार, वीस वर्षांचे अंतर, राजकारणाच्या वेगवेगळ्या वाटा, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र एकाच दमदार आवाजातली आठ-दहा सुंदर गाणी. पारतंत्र्यावरचे पद नशिबावरच्या खिन्न गाण्यासारखे ऐकले जाते यात श्रोत्याचा काय दोष? त्याला दुसरे काही कळण्याची सोयच ठेवलेली नाही.

असे असणे अपरिहार्य होते का? नव्हते, आणि याचा पुरावा या तबकड्या काढणाऱ्या ग्रामोफोन कंपनीच्याच इतिहासात आहे. 1899 मध्ये लंडनमध्ये ‘फ्लोरोडोरा’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आले आणि दुसऱ्याच वर्षी त्यातल्या मूळ नटांकडून काही गाणी तबकड्यांवर घेतली गेली. पुढे एचएमव्ही या छापाखाली तिनेच गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिका एकामागून एक सबंधच्या सबंध मुद्रित केल्या. तीन-चार मिनिटांच्या बाजूंनी ढिगारा झाला तरी ‘मिकाडो’ पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमाने ऐकता येईल अशी व्यवस्था केली. भारतात 1902 पासून हीच कंपनी ध्वनिमुद्रण करत होती. तिने मराठी रंगभूमीचे सर्वोत्तम आवाज पकडले, पण एकेक पद वेगळे करून. याला कारणे होती. आमचे नाटक पाच-सहा तासांचे, पदे भरमसाट, आणि एकच पद वन्समोअर घेत अर्धा तास चालू शकणारे. सबंध नाटक तबकडीत बसवणे त्या काळी शक्य नव्हते. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : त्या जुन्या तबकड्यांपैकी बऱ्याच तबकड्यांच्या लेबलावर गायकाबरोबर नाटकाचे नाव छापलेले असे. म्हणजे तीन इंच व्यासाच्या कागदी चकतीवर जेवढी माहिती कंपनीने दिली, तेवढी आज मोबाइलवरच्या संग्रहात अनेकदा मिळत नाही. तिथे पदाखाली जे साल दिसते तेही पुष्कळदा संग्रह निघाल्याचे साल असते. 1942 मध्ये वारलेल्या दीनानाथांचे पद या हिशेबाने एकविसाव्या शतकातले ठरते.

यावर संगीताचे जाणकार एक गंभीर आक्षेप घेतात आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, इंग्रजी संगीत नाटकाची तुलना आम्हाला लागू नाही. तिथे संगीतकाराने स्वरलिपीत बांधलेली रचना असते, वाद्यवृंद ठरलेला असतो, नट बदलला तरी गाणे बदलत नाही. म्हणून मूळ संचाच्या मुद्रिकेला तिथे अर्थ आहे. आमच्याकडे चाल हा केवळ आराखडा. ती गायक नट रोज नवी करतो, तेव्हा मूळ संच असे काही उरतच नाही. आक्षेपातले वर्णन बरोबर आहे, निष्कर्ष उलटा आहे. रचना ठरलेली असती तर कोणी गायले याला कमी महत्त्व असते. ती दर नटागणिक बदलते म्हणूनच कोणी, कधी, कोणत्या कंपनीत असताना, कोणाच्या साथीवर गायले हे सांगणे अपरिहार्य होते. ‘मानापमान’ला चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. गंधर्व नाटक मंडळीतला त्यांचा धैर्यधर आणि पुढे बळवंत मंडळीत दीनानाथांनी आपल्या ढंगाने फिरवून घेतलेला धैर्यधर ही दोन वेगळी माणसे आहेत. दीनानाथांची मुद्रिका ‘संगीत : टेंबे’ एवढ्या नोंदीखाली देणे टेंब्यांवरही अन्याय आणि दीनानाथांवरही. बालगंधर्वांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक तीव्र आहे. त्यांनी अनेक वर्षे मुद्रण केले, कर्ण्यासमोर ओरडून गाण्याच्या काळातही आणि विजेचा मायक्रोफोन आल्यानंतरही. ‘मानापमान’मधली ऐन भरातली भामिनी आणि उतारवयातली भामिनी एकाच संग्रहात तारखेवाचून शेजारी ठेवल्या, तर ऐकणारा त्या आवाजाविषयी जे मत बनवेल ते कोणत्याच काळाबद्दल खरे असणार नाही. आणि इंग्लंडातही सगळे आलबेल होते असे नाही. गिल्बर्ट-सलिव्हनच्या सुरुवातीच्या संचांत रंगमंचावरच्या नटांऐवजी मैफलीतले आणि ध्वनिमुद्रणाला सरावलेले गायक बरेच वापरले गेले होते. फरक इतकाच की आज ते संच पुन्हा काढणारे लोक कोण रंगमंचावरचा आणि कोण बाहेरचा हे लिहून ठेवतात. सेपियासारख्या छोट्या कंपन्यांनी विस्मरणात गेलेली नाटकेसुद्धा अशा टिपणांसकट पुन्हा आणली. मस्ट क्लोज सॅटर्डे नावाच्या कंपनीने तर न चाललेली नाटके हाच आपला विषय मानला. आपल्याकडे चाललेल्या नाटकांचीही ही काळजी घेतली जात नाही.

दुसरा आक्षेप रसिकाच्या स्वातंत्र्याचा आहे. पद ऐकणाऱ्याला ते हवे तसे ऐकू द्या, नाटकाची कथा सांगून त्याच्या आनंदात कशाला अडथळा आणता, असे विचारले जाते. श्रोत्याला कोणी अडवलेले नाही. भिंतीवरचे टिपण वाचायचे की नाही हे पाहणाऱ्याने ठरवावे, पण टिपण लावणे संग्रहालयाचे काम आहे. बाळापूरच्या मिर्झाराजे जयसिंगाच्या छत्रीची एक कमान काढून कुठे तरी नेऊन ठेवली आणि खाली ‘सुंदर कमान’ एवढेच लिहिले, तर ती कमान सुंदरच दिसेल, आणि तरीही आपण त्याला जतन म्हणणार नाही. पदाचे तसेच आहे. ‘जोहार मायबाप’ घ्या. बालगंधर्वांच्या आवाजातला हा अभंग आज बहुतेक भक्तिगीतांच्या संग्रहांत ऐकू येतो. शब्द चोखोबांचे, म्हणजे आपल्या देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणा राजाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या संताचे. पण मुद्रिका आहे ती 1931 च्या ‘कान्होपात्रा’ नाटकाची. संगीत मास्टर कृष्णरावांचे. उंबरठ्याबाहेर उभ्या राहिलेल्या महार संताचे शब्द एका गणिकेच्या मुलीच्या तोंडी घातले गेले, आणि ती भूमिका एका पुरुष नटाने केली. भक्तीच्या दारात कोणाला उभे राहू द्यायचे याविषयी त्या एका पदात जे तीन थर आहेत ते नाटकाचे नाव पुसले की एक थर होऊन जातात. भक्तिगीत म्हणून ते गोड आहेच. नाट्यपद म्हणून ते गोड असून धाडसीही आहे. ‘एकच प्याला’चेही तसेच. नाटक गडकऱ्यांचे म्हणून सिंधूची पदेही त्यांचीच असे गृहीत धरणारे पुष्कळ भेटतात. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला वारले, नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर, आणि पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. ही माहिती एका ओळीत मावते. ती ओळ छापायला काय अडचण आहे?

आता खरखरीकडे वळतो, कारण ‘स्वच्छ आवाज’ हेच नव्या संग्रहांचे मुख्य आकर्षण म्हणून सांगितले जाते. लाखेच्या तबकडीवर सुई घासल्याचा आवाज त्रासदायक असतो, आणि कट्-कट् असे तुटक आवाज काढून टाकण्याला माझा काडीचा विरोध नाही. त्याने गाण्याला धक्का लागत नाही. प्रश्न सततच्या सरसरीचा आहे. कर्ण्याच्या काळातल्या मुद्रणात सुमारे अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उतरलेलेच नसायचे. विजेचे मुद्रण आल्यावर ही मर्यादा पाच हजारांच्या पलीकडे गेली. या वरच्या पट्ट्यातच ‘स’, ‘श’, ‘च’ हे उच्चार असतात, सारंगीच्या गजाची धार असते, तबल्याच्या चाटेचा टणत्कार असतो, आणि सुईची सरसरही तिथेच असते. चाळणी लावली की सरसर जाते आणि तिच्याबरोबर हेही जाते. बालगंधर्वांच्या मागे कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँचा तबला वाजत असे. ज्या संग्रहात सारंगी कापसात गुंडाळल्यासारखी ऐकू येते आणि तबल्याचा नुसता डग्गा उरतो, तो स्वच्छ केलेला नाही, पुसलेला आहे. आणि नाट्यपदात शब्द आधी. गायक नटाची परीक्षा शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचतो की नाही यावर व्हायची. त्या शब्दांची व्यंजने बोथट करून आपण त्या कलेचे नेमके काय वाचवतो?

वेगाचा मुद्दा याहून गंभीर आहे आणि त्याची चर्चा जवळपास होतच नाही. ‘अठ्ठ्याहत्तरची तबकडी’ हे नाव पुढे रूढ झाले. सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या तबकड्या मिनिटाला नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नव्हत्या. चौऱ्याहत्तर फेऱ्यांवर घेतलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरवर फिरवली, तर आवाज जवळपास एका पट्टीने चढतो. काळी एकमधला गायक पांढरी दोनमध्ये गेल्यासारखा ऐकू येतो, आणि तीन मिनिटांचे पद नऊ सेकंदांनी आखूड होते. तान आहे त्याहून चपळ वाटते, आवाज आहे त्याहून पातळ. पुरुषाने केलेल्या स्त्रीभूमिकेच्या बाबतीत ही चूक जीवघेणी आहे, कारण त्या आवाजाची पट्टी, त्यातला पुरुषी भरीवपणा आणि बायकी लाघव यांचा तोल हीच तर अभ्यासाची गोष्ट. अशा चुकीच्या वेगावरच्या मुद्रिका ऐकून ‘जुने लोक नाकात गायचे, किनरे गायचे’ असे शेरे मारले जातात. ऑर्गनची पट्टी, त्या त्या गायकाच्या इतर मुद्रिका, कंपनीच्या नोंदी यांवरून मूळ वेग ठरवता येतो. त्याला कान आणि चिकाटी लागते, मोठे यंत्र लागत नाही. प्रकाशकाने निदान कोणत्या वेगावर तबकडी उतरवली एवढे तरी लिहावे, आणि चाळणी लावलेल्या प्रतीबरोबर न लावलेली प्रतही द्यावी. डिजिटल काळात दोन प्रती देण्याला जागेचा खर्चही नाही.

‘लोकांना नाटक नको, गाणीच हवीत’ या म्हणण्याला सर्वांत सणसणीत उत्तर आपल्याच वऱ्हाड-नागपूरच्या नाटकाने दिले आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ 24 डिसेंबर 1967 रोजी रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणून उभे राहिलेले मूर्तिजापूरचे वसंतराव. समोर पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर. या नाटकात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन वेगळ्या चालींत येते. दोन घराण्यांची, दोन स्वभावांची गाणी कशी वेगळी असतात हे दारव्हेकर-अभिषेकींनी कोणतेही व्याख्यान न देता त्या दोन चालींतून दाखवले. म्हणजे ती दोन पदे मिळून एक नाट्यप्रसंग आहे. गायकवार संग्रहात त्यातली वसंतरावांची चाल एका ठिकाणी जाते, दुसरी दुसरीकडे, आणि उरते एक लोकप्रिय गाणे. मग 2015 मध्ये या नाटकावर चित्रपट आला. तरुण मुलांनी तो डोक्यावर घेतला. काही जुन्या रसिकांना त्यातली नवी वाद्ययोजना खटकली, तो वाद मी इथे काढत नाही. पण ती मुले गाणी गुणगुणत बाहेर पडली ती गाण्यांसोबत खाँसाहेबाचा मत्सर, पंडितजींचे मौन आणि गाणे शिकायला आलेल्या सदाशिवची तहान मिळाली म्हणून. हीच पदे त्याआधी कित्येक वर्षे सुटी उपलब्ध होती. गोष्ट परत आली तेव्हा पदांना नवा श्रोता मिळाला. नाटक जोडल्याने विक्री घटते असे म्हणणाऱ्यांनी या घटनेचा अर्थ लावून दाखवावा.

आता राहिला पैशाचा आणि हक्कांचा मुद्दा. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे दीनानाथांच्या सगळ्या आणि बालगंधर्वांच्या कारकिर्दीतल्या रंगभूमीच्या मुद्रिका आता सर्वांच्या झाल्या आहेत. लेखकाचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे. देवल, कोल्हटकर, खाडिलकर, टेंबे हे त्यातून केव्हाच मोकळे झाले. वामनराव जोशी 1956 मध्ये वारले, तेही मोकळे झाले. मास्टर कृष्णराव 1974 मध्ये गेले, त्यांच्या चालींबाबत आणि ‘कट्यार’सारख्या नंतरच्या मुद्रिकांबाबत अजून परवानगी घ्यावी लागेल, आणि ती घ्यावी. पण ‘हक्कांमुळे काही करता येत नाही’ हे सरसकट कारण आता चालणार नाही. माहिती नाही हे कारण तर अजिबात नाही. मुंबईत 1990 मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून तबकड्यांचे क्रमांक, लेबले, गायकांच्या याद्या वर्षानुवर्षे छापल्या. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी हे काम पदरमोड करून, नोकऱ्या सांभाळून केले. संग्रह काढणाऱ्या कंपन्यांनी आणि संस्थांनी ते वाचून एका पानाचे टिपण तयार करण्याइतकेही कष्ट घेऊ नयेत, हे मला अक्षम्य वाटते. जुन्या मूळ साच्यांचे कोठार कंपन्यांच्या ताब्यात आहे, हे खरे. पण गावोगावच्या संग्राहकांकडच्या तबकड्यांवरूनही चांगली प्रत निघते, आणि इंग्लंडातल्या छोट्या कंपन्यांनी जुन्या तबकड्यांवरून असेच कितीतरी काम केले आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा : एका नाटकाची सगळी पदे मुद्रित झालेलीच नाहीत, मग नाटकवार संच भरणार कसा? तो पूर्ण भरणार नाही. त्यातल्या रिकाम्या जागा रिकाम्या म्हणून दाखवाव्यात. ‘रणदुंदुभी’ची जेवढी पदे दीनानाथांच्या आणि इतरांच्या आवाजात सापडतात तेवढी नाटकातल्या क्रमाने लावावीत, जी सापडत नाहीत त्यांचे शब्द छापावेत, प्रत्येक पदाआधी ते कोण, कोणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी म्हणते ते दोन ओळींत सांगावे. नंतरच्या गायक-गायिकांनी स्टुडिओत गायलेल्या प्रती, त्यांत आशा भोसले यांनी वडिलांची गायलेली पदेही आली, वेगळ्या भागात त्यांच्या तारखांसह द्याव्यात. त्यांचे मोल वेगळे आहे आणि त्यांना रंगमंचावरच्या मुद्रिकांच्या रांगेत बसवण्याची गरज नाही. कोल्हटकरांच्या बाबतीत तर हे रिकामेपणच बोलके ठरेल. ज्या माणसाच्या चालींनी एका पिढीचे कान बदलले, ज्याला गडकरी गुरू मानत, त्याच्या ‘मूकनायक’ची किती पदे आज ऐकता येतात आणि किती नुसती पुस्तकात वाचता येतात, हे एकदा कळू द्या. ते कळल्याशिवाय कोणी शोधायलाही जाणार नाही.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आणि अमरावती विद्यापीठाने मिळून पहिला नाटकवार संच ‘रणदुंदुभी’चा काढावा, आणि तो काढताना तबकड्या वऱ्हाडातूनच मागवाव्यात. अकोला, अकोट, खामगाव, बाळापूर, मूर्तिजापूर, अचलपूर इथल्या जुन्या वाड्यांत माळ्यावर अजूनही लाखेच्या तबकड्या पडून आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारात जातात. वाचकांना माझी विनंती आहे : त्या विकू नका. आडव्या एकावर एक रचल्या की तडकतात, म्हणून उभ्या ठेवा, उन्हापासून लांब ठेवा. लेबलावर जे जे छापले आहे ते आणि लेबलाच्या कडेला तबकडीवर कोरलेला क्रमांक वहीत उतरवून घ्या, आणि ती वही जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात नेऊन द्या.